बाबांनी अडकवलेला माझा हेडफोन

मित्रांनो, मेटल डिटेक्टरसाठी हेडफोन कोणता घेऊ, म्हणून मी इथं सगळ्यांचं डोकं खात होतो ना? आज निकाल लागला.

आईचं चांदीचं जोडवं अंगणात हरवलं, म्हणून सकाळी आंधळगावला घरी गेलो. सोबत दोन हेडफोन नेले. एक हलका, दुसरा कान पूर्ण झाकणारा, मोठ्या आवाजाचा.

जिंकला हलकाच. कारण त्यातून आई पण ऐकू येत होती. "तिकडं कायले पाह्यतं? तुळशीपाशी पाह्य!" जोडवं तिथंच सापडलं.

मग बाबा म्हणाले, "तो मोठा मले लावून दे." त्यांना आता कमी ऐकू येतं.

बाबा ज्यात पाय सोडून विणायला बसायचे, तो आमच्या हातमागाचा खड्डा माग बंद झाल्यावर बुजवला होता. हेडफोन त्यांना लावून तिथं डिटेक्टर फिरवला आणि तो त्यांच्या कानात वाजला. आत आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याचं लोखंडी टोक राहिलं असावं.

"थांबू नोको," बाबा डोळे मिटून म्हणाले. "इकून तिकडं, तिकून इकडं. असाच पळे धोटा."

मी कुदळ उचलली, तर त्यांनी हात धरला.

"काढलं त मंग वाजन कसं?"

मोठा हेडफोन आणि डिटेक्टर, दोन्ही तिथंच ठेवून आलो.

तुमच्या घरातला कोणता आवाज बंद झालाय?