मंदाकाकूंच्या आंब्याचा पाला

मैत्रिणींनो, आज सासूबाईंनी मला गार केलं. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डिंगोरे गावात आमच्या घराला लागूनच मंदाकाकूंचं घर. त्या अंगण झाडतात आणि त्यांच्या आंब्याचा सगळा पाला थेट आमच्या परसात लोटतात. मी कितीदा भांडायला निघाले! सासूबाई म्हणायच्या, "यिऊ दे गं." आणि तो पाला मिरचीच्या वाफ्यांवर पसरायच्या. रोपाच्या बुंध्याशी मात्र जागा मोकळी ठेवायच्या, न्हाईतर पावसात खोड कुजतं म्हणे.

काल रात्री लई पाऊस झाला. सकाळी बघते तर आमची माती जागच्या जागी, मिरचीच्या पानांवर चिखलाचा शिंतोडासुद्धा नाही. पलीकडे काकूंच्या वाफ्यांची उघडी माती वाहून रस्त्यावर आलेली, वांग्यांची मुळं उघडी पडलेली. काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

आता सासूबाई चांगलं सुनावणार, म्हणून मी कान टवकारले. त्यांनी पाटीभर पाला उचलला आणि कुंपणापाशी गेल्या.

"मंदे, मुळांना माती लाव आन् वर ह्यो टाक. तुझाच हाय."

दुपारपर्यंत दोघी चिखलात होत्या. शेवटी मीही पदर खोचला.

संध्याकाळी काकूंनी अंगण झाडलं. पाला कुंपणापर्यंत आला, थांबला आणि त्यांच्याच वाफ्याकडे वळला.

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता आपुन पाला कुठून आणायचा गं?"

तर सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या दारात आंबा आहे?