पाद्र्याच्या सीटचा नट

ज्या सायकलीवर माणूस बसू शकतो ती सायकल अजून पुरती दुरुस्त झालेली नाही, असं ठाम मत असलेला गृहस्थ उभ्या सातारा जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. दाजींचं गाव उंब्रज. घरी ऊस, बैलजोडी, दोन म्हशी, आणि तरुणपणी पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आल्यामुळे अंगात कायमचा मुक्कामाला आलेला लष्करी ताठा. बसऱ्याला त्यांनी शत्रू किती लोळवले ते देव जाणे, पण एका साहेबाची सायकल पुसायचं काम मात्र इमानानं केलं. लढाई संपली, साहेब विलायतेला गेला, दाजींचं पुसणं तेवढं थांबलं नाही. साताऱ्याहून एखादा गोरा अधिकारी बदलून चालला, मिरजेचा एखादा पाद्री मायदेशी निघाला किंवा खंडाळ्यात कुणा पोस्टमास्तराच्या गोठ्यात जुनी सायकल गंजत पडली, की त्याचा वास दाजींना उंब्रजात बसून यायचा. मग ते भाकरी बांधून निघत आणि परत येताना सायकलीचा सांगाडा खांद्यावर आणि चाकं गळ्यात अडकवून येत. आक्का दारातच कपाळाला हात लावायची. "दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यास्नी सवत आनायची हौस असती," ती मला म्हणायची, "ह्यास्नी सायकली आनायची. सवत आनली असती तर शेनगोठ्याला तरी उपेगी पडली असती."

आणलेल्या सायकलीचे आधी सगळे अवयव सुटे व्हायचे. मग गंज काढायला रॉकेल. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत रॉकेल मिळायचं नखाएवढं, ते दाजींच्या परातीत जायचं आणि घरात दिवेलागण होताच सगळे मुकाट झोपायचे. पितळी घंटीला चिंच, चाकांच्या तारांना विटकरीची पूड, आणि सीटच्या कातड्याला खोबरेल तेल. त्या सीटा अशा तुकतुकीत झाल्या होत्या की आक्काच्या कोरड्या केसांकडे बघून मलाच वाईट वाटायचं. इतकं सगळं झाल्यावर एखाद्याला वाटेल, आता गडी ऐटीत पायडल मारत बाजाराला जाईल. छे! तयार झालेली सायकल सोप्यात आढ्याला टांगली जायची आणि दाजी बाजाराला चालत जायचे. "बसल्यानं झीज हुती," ते मला समजावून सांगायचे. एकदा माझ्या पायाला ठेच लागून अंगठा फुटला होता, तेव्हा मी भीत भीत एक सायकल मागितली. दाजींनी माझ्या अंगठ्याकडे नीट बघितलं, मग टायरकडे बघितलं आणि म्हणाले, "पावनं, अंगठा भरून येतोय. टायर न्हाई येत."

प्रत्येक सायकलीला तिच्या जुन्या धन्याचं नाव होतं. एक मामलेदार, एक फौजदार, एक पोस्टमास्तर, आणि सगळ्यांत देखणा तो पाद्री. हिरवाकंच, नाजूक सोनेरी रेघांचा, पुढे कारबाइडचा दिवा असलेला. बेचाळीसच्या धामधुमीत या नामकरणानं घरावर बालंट आणलं होतं. भूमिगतांच्या शोधात एक पोलीस गल्लीतून हिंडत होता. आत आक्का जेवायला हाका मारत होती, "आवं, फौजदाराला उलटा टांगला, मामलेदाराचं हातपाय सोडवलं, पाद्र्याला राकेलात बुडवला, आता तरी भाकरी खायाला या!" पोलिसानं पळत जाऊन कुमक आणली. दाजींनी त्या सगळ्यांना वहाणा दाराबाहेर काढायला लावल्या, एकेका सायकलीपुढे उभं करून तिचं चरित्र ऐकवलं, आणि शेवटी जमादारच हात जोडून सुटका मागू लागला.

खंडेनवमीला लोक विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडून पूजा करतात. दाजी सायकली मांडायचे. नांगर बिचारा कोपऱ्यात एका झेंडूच्या फुलावर समाधान मानायचा. त्या मांडामांडीला हात लावायची परवानगी घरात एकाच माणसाला होती, ती म्हणजे त्यांची लेक शालन. पाना लावल्याशिवाय नटाला बोट लावायचं नाही, हे तिला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. त्या दिवशी दाजी हमखास एक वाक्य बोलायचे, आणि ते अर्ध्या तालुक्याला पाठ होतं: "म्या आवळलेला नट सुटला तर मिशी उतरवीन." मिशी भरघोस होती आणि नट कधी सुटत नव्हते. सुटणार कसे? सायकल आढ्याला!

शालन लग्नाची झाली आणि या थाटाला पहिला तडा गेला. मिरजेजवळच्या मळ्यातलं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा मिरजेत एका दवाखान्यात कंपाउंडर. व्याही मोकळ्या मनाचे. सुपारी फोडायच्या बैठकीत ते म्हणाले, "आमाला काय नगं. पोराला मळ्यातनं मिरजंला जायाला येक सायकल तेवढी द्या." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे व्याह्यानं उलट घोडंच मागितलं. लढाईमुळे दुकानांत नवी सायकल औषधालाही मिळत नव्हती. बैठकीतल्या सगळ्या माना हळूहळू वर, आढ्याकडे वळल्या. दाजी तेवढे जमिनीकडे बघत होते.

"लढाई सपली की नवी कोरी देतो," ते म्हणाले.

आतून आक्काचा आवाज आला, "तवर पोरीला बी आढ्यालाच टांगून ठिवतासा व्हय?"

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. स्थळ हातचं जातंय म्हणून आक्कानं बोलणं टाकलं. शेवटी दाजी एकटेच मिरजेला जाऊन मुलाची परीक्षा घेऊन आले. शेतीवाडी, शिक्षण, पगार यांतलं एक अक्षर विचारलं नाही. "सायकलवरनं उतरताना आदी कुठला पाय टेकता?" एवढंच विचारलं. मुलगा सरळ होता. "जो टेकंल त्यो," म्हणाला. दाजींनी परत येऊन अंथरूणच धरलं. "पोरगा लय गुनाचा हाय," ते मला भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पन काळीज न्हाई त्याला."

मग एका सकाळी त्यांनी शिडी लावली आणि पाद्र्याला खाली उतरवला. आक्का सुद्धा चपापली. "मामलेदार दिला असता तरी चाललं असतं की," ती म्हणाली.

"मामलेदार चढाला कुरकुरतोय," दाजी म्हणाले. "पोरगी मागं बसायची हाय."

लग्न झालं. मांडवात नवरदेवापेक्षा पाद्र्याच्याच गळ्यात मोठा हार होता. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या, आक्काला दोघी जणींनी धरलं होतं, आणि दाजी जावयाचा दंड धरून सांगत होते, "पावसात भाईर ठिवू नगा. चढाला जोर लावू नगा, उतरून चालायचं. आन कुरकुर आली तर दडपून रेटायचं न्हाई, थांबून बगायचं काय दुखतंय." मांडवभर लोक तोंडाला पदर, उपरणं लावून हसले. लेक चालली सासरला आणि बाप रडतोय सायकलला, असं त्यांचं म्हणणं. माझाही पारा चढला होता. असल्या वेळी तरी माणसानं सायकल सोडावी, असं मला वाटलं.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणजे जाणं जवळजवळ बंदच. काम नसताना गेलं तर लोक विचारणार, का बरं आला? सण एकामागून एक गेले. दाजी आढ्याखाली बसून राहायचे आणि पाद्र्याच्या रिकाम्या जागेकडे बघत तंबाखू मळायचे. मला वाटायचं, सायकलीचा विरह.

अशात मिरजेच्या बाजाराहून आलेल्या एका शेजाऱ्यानं निरोप आणला. पाद्र्याच्या सीटचा नट ढिला झाला होता. भर बाजारात सीट मागे कलंडून जावई भाजीवालीच्या पाटीत बसले होते. दाजी उठले, पान्यांची पिशवी घेतली, घरचं पाणी भरलेला फिरकीचा तांब्या घेतला, आणि कोळशाच्या गॅसवर खोकत चालणाऱ्या त्या वेळच्या मोटारीनं निघाले. नट आवळला, व्याह्यांच्या ओसरीवर बसून आपल्या तांब्यातलं पाणी प्याले, लेकीशी चार शब्द बोलले आणि आले. महिना झाला नाही तोच पुन्हा निरोप. पुन्हा तोच नट. मग हे दर महिन्याचंच झालं. उंब्रजात न्हाव्याच्या कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. "गड्या, मिशीचं काय ठरलं रं?" असं लोक दाजी ऐकतील अशा बेतानं एकमेकांना विचारायचे. न्हावी वस्तरा पाजळून दाखवायचा. उभ्या जन्मात ज्यानं आपल्या नटाविषयी एक शब्द ऐकून घेतला नव्हता, तो माणूस खाली मान घालून पुढे जायचा. मला वाटलं, हात थकले बिचाऱ्याचे.

एकदा मीही बरोबर गेलो. मळ्यात पोचलो तर पाद्री लिंबाखाली उभा होता, सीट आभाळाकडे तोंड करून. जावई दवाखान्यात गेले होते. शालन लगबगीनं बाहेर आली आणि वडलांसमोर पायरीवर बसली. दाजींनी नट काढून तळहातावर घेतला. त्याच्या कडा चेचल्या होत्या, वर आडवेतिडवे ओरखडे होते. आपोआप ढिल्या होणाऱ्या नटावर असे ओरखडे येत नाहीत, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. दाजींनी नटावरून अंगठा फिरवला. मग ओसरीकडे बघितलं. तिथं सासूबाईंचा पानाचा डबा उघडा होता आणि वर अडकित्ता पडला होता. त्याच्या तोंडाला हिरवा रंग लागला होता.

शालननं मान खाली घातली. मला वाटलं, आता दाजी कडाडणार. पाद्र्याच्या अंगाला अडकित्ता! त्यांनी जुना नट टाकून पिशवीतून दुसरा काढला, तो बसवला, आवळला, सीट हातानं हलवून बघितली. त्यांना हे कधीपासून माहीत होतं कोण जाणे. त्या मापाचा नवा नट ते घरूनच घेऊन आले होते.

उठताना त्यांनी पिशवीतला एक छोटा पाना फडक्यात गुंडाळून तिच्या ओंजळीत ठेवला.

"अडकित्त्यानं नटाची टोकं मोडत्यात, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्यो ठिव. बराबर बसतोय."

परतीच्या मोटारीत मी सारखा बाहेर बघत होतो, कारण दाजींकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पुढे पाद्र्याचा नट पूर्वीसारखाच दर महिन्याला सुटत राहिला आणि दाजी गावाची टवाळी ऐकत जात राहिले. मग शालनला मुलगा झाला. बारशाला दाजी तांब्या न घेता गेले, लेकीच्या हातचं पाणी घटाघटा प्याले, आणि त्या दिवसापासून तो नट जो बसला तो बसला. उंब्रजात सगळ्यांनी मान्य केलं की दाजींचा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला.

आता दाजी नाहीत. मामलेदार, फौजदार कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. पाद्री मात्र शालनच्या सोप्यात भिंतीला टेकून आहे. परवा गेलो होतो तेव्हा सहज सीटला हात लावला. ढिली होती.

"शालन, अगं नट सुटलाय की," मी म्हणालो.

"असू दे मामा," ती म्हणाली. "कवाकवा सोडून ठिवते म्या."