आखूड दुर्बीण

मेडशीत आमच्या बाजूला राहणारे भाऊजी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटी करून पाहिल्याशिवाय घेत नसत. बापाकडून आलेली, परवान्याची पॉइंट टू-टू रायफल होती त्यांच्यापाशी. घरामागच्या शेतात रिकामे डबे उडवायचे, तेवढाच काय तो शौक. आवाज झाला की माझ्या हातातलं काम थांबायचं.

हल्ली डबा नीट दिसेना, म्हणून रायफलीवर बसवायला त्यांना दुर्बीण पाहिजे झाली. पण मागवलेली दरवेळी लांब निघायची. गोळी भरायच्या बोल्टाशिवाय रायफल उडत नाही, आणि तो उघडायला त्याची दांडी वर उचलली की ती दुर्बिणीवर ठक्कन आदळायची. दोन-तीन तर परतच गेल्या.

"नवरी पसंत करून राह्यले का, भाऊजी?" मी विचारलं.

"नवरी अडून बसली तं चालते, वैनी. बोल्ट अडला तं नाही चालत."

शेवटी वीतभर लांबीची एक मिळाली. दांडी मोकळी फिरली. त्यांनी रिकाम्या रायफलीवरून बांधाकडे पाहिलं, रुमालाने काच पुसली, पुन्हा पाहिलं.

"काच खराब देल्ली वाटते. बाभूळ सारी धूसर दिसते. तुमी पाहा बरं."

मी डोळा लावला. बाभळीचा काटा न काटा दिसत होता. आणि खाली त्यांची बायको चुलीसाठी काड्या वेचत होती.

"काच चांगली हाय, भाऊजी," मी म्हटलं. "बाभळीखाली तुमची कारभारीन काड्या वेचून राह्यली."

त्यांनी पुन्हा डोळा लावला, "मले तं कोनीच दिसत नाही," म्हणाले. मग त्यांनी बोल्ट बाहेर ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा तुमच्यापाशी राहू द्या, वैनी. म्या मांगतला तरी देऊ नोका."