‘थांब वं’ कोण म्हणालं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. मी भूलतज्ज्ञ. कुणी ‘आवाज ऐकू आला’ म्हटलं, की माझा पहिला प्रश्न — औषध कुठलं घेतलं होतं? आता तोच प्रश्न मला विचारा... मी नुसता चहा घेतला होता!

धरमपेठेतलं छोटं हॉस्पिटल, सकाळची वेळ. पेशंट कन्हानच्या शेवंताबाई, छातीत गाठ. आधी दुसरीकडे भूल देताना त्यांचा गळा आतून असा आवळला, की श्वास अडला आणि ऑपरेशन सोडून द्यावं लागलं. तेव्हापासून बाई ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या आणि गाठ वाढत होती.

“या खेपेले वापस पाठवू नका, मॅडम,” त्यांचा नवरा म्हणाला. “हे पुन्हा नाही यायची.”

म्हटलं, बघतेच कसं होत नाही ते! श्वासासाठी घशात एक मऊ मास्क बसवायचा असतो. एकट्या प्रोपोफॉलने, म्हणजे झोपेच्या औषधाने, जबडा सैल करायचा तर डोस वाढतो आणि बीपी धाडकन खाली येतं. म्हणून आधी थोडं फेंटानिल, थोडं केटामीन, मग प्रोपोफॉल. एकाचं ओझं तिघांनी उचलायचं.

शेवंताबाईंचे डोळे मिटले. मी मास्क तोंडाशी नेला, आणि अगदी कानाशी बाईचा आवाज —

“थांब वं! ढिलं होऊनच राहिलं अजून.”

हात जागीच थांबला. जबडा चाचपला... खरंच घट्ट! तसाच घुसवला असता तर गळा पुन्हा आवळला असता. अजून थोडं प्रोपोफॉल दिलं, थांबले. जबडा सैल पडला आणि मास्क पहिल्याच खेपेला बसला. मॉनिटरवर श्वासाची रेघ सुरेख चालू झाली. असा आनंद झाला म्हणून सांगू! पुढे गाठही अख्खी निघाली.

“बरं झालं थांबवलंस,” मी सुनीता सिस्टरला म्हटलं. खोलीत जागी असलेली दुसरी बाई तीच.

“मी? तुमीच तं बोलल्या मॅडम! मी म्हटलं, अरे बापा, आज बरोब्बर ‘वं’ म्हणून राहिल्या!”

आता ऐका. मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आल्यावर बोली बोलायच्या हौसेने एका सर्जनना ‘काय वं सर’ म्हणाले होते. ‘वं’ बाईला, पुरुषाला ‘गा’! सगळं ऑपरेशन थिएटर कितीतरी दिवस हसत होतं. तेव्हापासून हा शब्द तोंडात घेतलेला नाही, आईशप्पथ.

वर कहर म्हणजे शुद्धीवर आल्यावर शेवंताबाई म्हणतात, “मॅडम, मले ‘थांब वं’ काहून म्हटलं? मी कुठं पळून राहिली होती?”

सहकारी म्हणतात, बाईंना केटामीनमुळे भास झाला. असेल बाबा. पण सिस्टरला कुणी केटामीन दिलं होतं?

त्या दिवशी बाहेर दाराशीच शेवंताबाईंचा नवरा उभा होता.

“झालं गा भाऊ! निघाली गाठ!” मी ओरडलेच.

तो मटकन खाली बसून रडायला लागला. मागून सिस्टर टाळ्या वाजवत होती, कारण ‘गा’ बरोबर आला होता. तो तरी कुठून आला, मला अजून माहीत नाही.