माझ्या घरचे स्कोन

माझे स्कोन कुत्र्याच्या ताटलीत पडले होते. ताकात भिजवलेले छोटे, गोडसर विलायती पाव, सकाळी मी घरून करून आणलेले. धुतलेल्या फडक्यात बांधून, बसमध्ये मांडीवर धरून आणलेले. फडकं घडी घालून ओट्यावर ठेवलं होतं, मला परत न्यायला. आणि मागच्या पायरीवर शेरू स्कोन खात होता. शेपटी हलवत.

मी खरकटं टाकायला मागच्या दारी गेले होते. तिथंच उभी राहिले.

मी जिथं कामाला होते, त्या घरच्या काकूंनी आतून बघितलं. म्हणाल्या, "अगं, गोड सोसत नाही हल्ली आम्हाला. म्हटलं, मुक्या जिवाच्या तोंडात तरी पडेल."

मी "हं" म्हणाले. आत येऊन ओटा पुसला.

मला लोकांपुढं बोलता येत नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर मला कुणी बोल म्हणालंच नाही. ऐक म्हणाले, कर म्हणाले.

ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्यात मी स्वयंपाकाला होते. उचगावच्या आमच्या दलित वस्तीतून सकाळी बसनं यायचं. आल्या आल्या मोरीत हातपाय धुवायचे, मगच ओट्याला लागायचं. हा काकूंचा नियम. स्वच्छतेचा म्हणून मी तो पाळला. "आम्ही जातबित काही मानत नाही," असं काकू पाहुण्यांना सांगायच्या. माझ्याकडे हात करून सांगायच्या. मी मान खाली घालून चपात्या लाटायची. मला ते खरं वाटायचं. बरं वाटायचं.

काकूंची मुलगी आयर्लंडला असते. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं मला स्कोन शिकवले. ती तिकडं शेजारच्या म्हातारीकडून शिकली होती. मैद्यात सोडा, मीठ, थोडी साखर. फ्रीजमधलं घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. रवाळ झालं की ताक ओतायचं, फार मळायचं नाही. पहिल्यांदा मी सवयीनं थापत गेले. पातळ, मोठं, गोल. ताई पोट धरून हसली. "अगं, भाकरी करतेस काय! जाड ठेव की, जाड." मीही हसले. मग वाटीनं कापून ओव्हनमध्ये ठेवले. फुगून वर आले, तेव्हा मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

ताई गेली. मग दर भिशीला काकू मला स्कोन करायला सांगायच्या. बायका जॅम लावून खायच्या. "अगदी तिकडच्यासारखे गं!" बोटं चाटायच्या.

मलाही वाटलं, घरी करावेत. घरी ओव्हन नाही. जाड पातेल्यात वाळू तापवली, आत ताटली ठेवली, वर झाकण. पहिले खालून करपले. दुसरे जमले. सासूबाईंनी एक मोडून तोंडात टाकला.

"दशमीच की गं ही. फुगलेली."

"आत्ती, विलायती दशमी हाय ती."

"मग तिकडच्या बाया बी आपल्यावानीच म्हणायच्या. ताक संपवायला काय तर करायचं."

माझी पोरगी हसून हसून लोळली. सगळ्यात चांगले फुगलेले होते ते मी काकूंना बाजूला काढले.

आत्ती म्हणाल्या, "त्यास्नी कशाला नेतीस? खायच्या न्हाईत त्या."

"माझ्या हातचं रोज खात्यात की."

आत्तींनी धुतलेलं फडकं काढून दिलं. त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

शेरूच्या ताटलीनंतर मला ठाऊक झालं. हात तेच. पीठ तेच, ताक तसंच. त्यांच्या ओट्यावर केलं की पाहुण्यांना, माझ्या चुलीवर केलं की कुत्र्याला. म्हणजे हात चालतात. मी राहते ते घर चालत नाही.

पुढच्या भिशीचा दिवस आला. काकूंनी मैदा काढून दिला. मी लोणी चोळायला घेतलं. बोटं चालत होती. पीठ अर्धं चोळून झालं आणि तोंडातून आलंच.

"काकू, माझ्या घरचे तुम्ही खाल्ले का न्हाईत?"

त्या डिश पुसत होत्या. "किती दिवस मनात धरून बसलीस! गोड सोसत नाही म्हटलं ना?"

"मग हे कुणासाठी?"

"हे बघ, आमच्यात बाहेरचं चालत नाही."

"बेकरीचा पाव चालतोय की."

"बेकरीचं वेगळं."

"हात हेच हायेत, काकू."

काकूंनी डिश खाली ठेवली. आवाज न चढवता, अगदी समजावल्यासारखं म्हणाल्या, "इथं आल्यावर तू धुतेस ना ते."

एवढंच. इतकी वर्षं मी स्वच्छतेसाठी हात धुतले नव्हते. मी माझं घर धुऊन टाकत होते. आत्तींना, पोरीला, वस्तीला. रोज. मोरीत.

मी नळ सोडला. कोपरापर्यंत हात धुतले. नखांतलं लोणी काढलं.

"आज जाताना धुते," मी म्हणाले.

"अगं, बायका येतील आत्ता! मी काय वाढू त्यांना?"

मी चप्पल घातली. अर्धं पीठ परातीत तसंच राहिलं. फाटकाबाहेर आले. मागं वळले नाही.

आता रोजानं दुसऱ्याच्या शेतात तण काढायला, भांगलायला जाते. शेजारीण म्हणते, "लई शानी झालीस. मिळत हुतं ते घालवलंस." आत्ती तिला म्हणाल्या, "तू जा की मग तिथं, हात धुवायला."

स्वयंपाकाचं काम शोधणं मी सोडलेलं नाही. मात्र विचारायला जाताना घरून डबा नेते. पगाराचं बोलायच्या आधी डबा उघडून पुढं ठेवते. "आमच्या घरचं हाय. खाऊन बघा." एका बाईंनी डबा बोटानं मागं सरकवला. "आत्ताच जेवण झालं." दुसरीला एकदम उपास आठवला. मी झाकण लावून उठले. अजून माझी जीभ अडखळते, पण तेवढं वाक्य मला नीट येतं.

उद्या नागाळा पार्कात एका घरी बोलावलं आहे. त्यांनी माझ्या घरचा घास तोंडात घातल्याशिवाय मी त्यांच्या ओट्याला हात लावणार नाही. आणि मोरी कुठं आहे, हे विचारणार नाही.