बांगड्या खिळ्याला

“बांगड्या काढा, न्हाईतर घरी जा. मशीनवर गडी आनून बसवतो,” शेठ म्हनला. मी अन् चंद्राबाई एकमेकीच्या हाताकडं बघायलो.

परभणीत लाकडाचा कारखाना होता. शाळेचे बाकडे करायचे. मिस्त्री लोक रंधा मारायचे, आमी दोघी काचकागदानं फळ्या घासायचो. मग शेठनं हैदराबादहून करंटवरचं घासायचं मशीन आनलं. मोठ्या इस्तरीवानी, लोखंडी. खालून काचकागदाचा पट्टा गरगरा फिरायचा.

हेड मिस्त्रीला समदे उस्ताद म्हनायचे. त्यांनी शिकवलं. “दाबू नको बाई, त्याचंच वजन बास हाय. लाकडाच्या रेघेनं जा, आडवं जाऊ नको. एका जागी थांबली की खड्डा पडला समज.” आधी चालू करायचं, मग फळीला टेकवायचं. आधी उचलायचं, मग बंद करायचं. पदर खोचायचा, भुसा जाऊ नाही म्हनून नाकाला फडकं आवळायचं. ते समदं जमलं. पट्ट्यात अडकतील म्हनून बांगड्या काढायच्या, तेवढं जमंना.

माझा नवरा छातीच्या दुखन्यानं खाटंवर पडलेला. घर माझ्या मजुरीवर. ही मजुरी गेली तर चूल बंद. अन् नवरा असा पडलेला असताना सवाशिनीनं हात मोकळे करायचे?

केले. साबन लावून बांगड्या उतरवल्या, दाराजवळच्या खिळ्याला टांगल्या. बांगड्या भरताना मनगट रिकामं र्‍हाऊ नाही म्हनून दोरा बांधतेत, तसा दोरा बांधला.

“मी न्हाई बाई काढत,” चंद्राबाई म्हनली. “वर सरकवून चिंधीनं आवळते.”

उस्ताद नको म्हनले, तरी शेठची पाठ फिरल्यावर तिनं आवळल्याच.

माझा जीव काही थार्‍यावर नव्हता. हात फळीवर अन् डोळे दाराकडं. दारात सावली पडली की वाटायचं, आला घरून सांगावा.

दुपारी खरंच सावली पडली. सासू होती. कुनीतरी चुगली केलेली.

“कुंकू जड झालं का गं तुला? पोरगं माझं तिकडं खोकायलंय, अन् तू हात भुंडे करून बसलीस!”

मशीन तवा चंद्राबाईच्या हातात होतं. आरडा ऐकून तिनं मान वर केली. तेवढ्यात चिंधीचं टोक पट्ट्यात गेलं. मशीन तिचा हात आत ओढायलं. फटाफट बांगड्या फुटल्या. मी भिंतीकडं पळाले, बटन बंद केलं. पट्टा थांबंपर्यंत काचा मनगटात रुतल्या होत्या.

उस्तादांनी फडकं बांधलं. “हात वाचला, शुकर समजा.”

चंद्राबाई रडायली, ती हातासाठी न्हाई, बांगड्यासाठी. सासू तिच्याजवळ बसली. “गप. वाढल्या बांगड्या. हात हाय ना? उद्या पुन्हा भर.”

मग उठून खिळ्याच्या माझ्या बांगड्या काढल्या, पदरात बांधल्या.

“म्हातारे, सून र्‍हाती का जाती?” आरडा ऐकून आलेल्या शेठनं इचारलं.

“जाती कशाला? बांगड्या मी सांभाळते. घरी आल्यावर भरंल.”

दुसर्‍या दिवशी सकाळी सासूनंच माझ्या मनगटाला दोरा बांधला.

“आत्याबाई, टोकं लोंबायलेत,” मी म्हनलं.

तिनं दातानं तोडली. खाटंवरून नवरा म्हनला, “मला बी बांध गं माय एक. मीच निसटायलोय.”

“तोंड बंद कर, मेल्या,” सासू म्हनली. अन् पयल्यांदा हसली.

बाकडे वेळेवर गेले. नवरा पुढं उठला. दवाखान्यातल्या सुयांनी उठला, दोर्‍यानं न्हाई. तरी सासूनं दोरा सोडला न्हाई, रोज बांधायची अन् रोज टोकं तोडायची.

मशीनला सवाशीन कळत न्हाई अन् रांडव बी कळत न्हाई. लोंबंल ते ओढतं. नवी बाई कामाला आली की मी तिला लय काही सांगायची न्हाई. चंद्राबाई खिळ्याला बांगड्या टांगायला आली की म्हनायची, “मनगटावरचे वण दाखव गं हिला.”