थाप पडली की सोडायचं

एडिल्झा ब्राझीलच्या मानाउसमधल्या एका सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सकाळी तीनशे पोरांचा भात, घेवडा आणि मासळी. संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या तालमीत नवशिक्यांना जिउ-जित्सू शिकवायचं. कमरेला काळा पट्टा. मी शिवणकाम करते. तालमीतले उसवलेले जाड डगले माझ्याकडे यायचे. एकदा डगला पोचवायला गेले, तर एडिल्झाबाई म्हणाल्या, "नुसते टाके काय घालतेस? ये मॅटवर." तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी गळ्याच्या पकडींबद्दल सांगितलं. शिकवल्या मात्र कितीतरी महिन्यांनी. आधी सांगितलं ते एवढंच, की मरायचं कसं नाही.

"श्वासनळी दाबली तर दुखतं, खोकला येतो, माणूस घाबरतो. ती पकड आपण करायची नाही, नळीला इजा होते. खरी पकड मानेच्या दोन्ही बाजूंना बसते. ती फारशी दुखत नाही गं. श्वासही चालू असतो. म्हणून नवीन माणूस फसतो. त्याला वाटतं अजून वेळ आहे. कानात गुं होतं, दिवा मालवतो, आणि सात-आठ आकडे मोजेपर्यंत सगळं संपतं."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"थाप द्यायची, म्हणजे हरले, सोड. जोडीदाराच्या अंगावर, दोनदा, त्याला कळेल अशी. हात अडकले असतील तर पायाने जमिनीवर. तेही जमेना तर तोंडाने 'बास' म्हणायचं. लाज धरायची नाही. लाज धरली की झोपलीस."

"आणि पकड माझी असेल तर?"

"थाप पडली की सोडायचं. तत्काळ. माझ्याकडे बघायचं नाही, कुणाकडेच बघायचं नाही. समोरचीने आपली मान तुझ्या हातात दिलीय ती याच भरवशावर. आणि हात ढिला पडला, घोरल्यासारखा आवाज आला, तर थापेची वाट बघायची नाही. सोडायचं, उताणं निजवायचं, पाय वर धरायचे. शुद्धीवर आली तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही."

लहान मुलांना त्या हे डाव शिकवत नसत. कुणी आई आग्रह करू लागली तर म्हणत, "आधी त्याला 'थांब' म्हणायला शिकव, मग माझ्याकडे आण."

हे सगळं बाईंना शिकवलं होतं ओझियास वस्तादांनी. तालीम त्यांची. सुरुवातीला एडिल्झा आणि जोसिलेनी, म्हणजे आमची जोसी, अशा दोघीच बाया तिथे आल्या, तेव्हा पुरुष हसायचे, जोडीला उभे राहायचे नाहीत. म्हणून या दोघी रोज एकमेकींशीच लढल्या. एकमेकींच्या हातात एकेकदा बेशुद्धही पडल्या होत्या. जोसीला मुलगी झाली, बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता एडिल्झा झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. आमच्याकडे ते नातं रक्ताच्या बहिणीपेक्षा कमी नसतं.

दोघींना तालमीत चौदा वर्षं झाली, त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत दोघी एकाच वजनगटात अंतिम फेरीला आल्या. जिंकेल ती रिओला जाणार. आदल्या दिवशी जोसी हसत म्हणाली, "कोमाद्रे, लाडीगोडी नको हं. खरं लढायचं."

"मग काय, खोटं लढू?" बाई म्हणाल्या.

मी पुढच्याच रांगेत बसले होते. चौथ्या मिनिटाला बाई जोसीच्या पाठीवर चढल्या, दोन्ही पाय आत अडकवले आणि डगल्याची कॉलर मानेभोवती आवळली. जोसीचा चेहरा लालबुंद झाला. आणि तिच्या उजव्या हाताने बाईंच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. मी पाहिली. पंच डावीकडे होता, त्याला तो हात दिसत नव्हता.

बाईंनी सोडलं. कॉलर सोडली, पाय सोडले, तिला उठवायला हात पुढे केला. जोसी वळली, तो हात ढकलला आणि सरळ बाईंच्या छातीवर येऊन बसली.

"तिने थाप दिली!" खालून बाई ओरडल्या.

पंचाने झुंज थांबवली. जोसीला विचारलं, "दिलीस?"

"नाही."

एवढाच शब्द. बाईंनी मान वळवून ओझियास वस्तादांकडे पाहिलं. दोघी त्यांच्याच शिष्या, म्हणून ते कुणाच्याच बाजूने नव्हते, वेगळी खुर्ची टाकून बसले होते. जोसीच्या उजवीकडे, तो हात समोर दिसेल असे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ आहे अजून," ते म्हणाले. "लढा."

बाई लढल्याच नाहीत. म्हणजे हातपाय हलत होते, पण त्यात जीव नव्हता. जोसी गुणांवर जिंकली.

दुसऱ्या दिवशी वस्तादांकडे तांबाकी मासा भाजायचा बेत होता. बाई गेल्या, जेवल्या नाहीत. सगळ्यांदेखत विचारलं, "वस्ताद, तुम्ही पाहिलंत ना?"

"थाप पंचाने बघायची असते."

"तुम्ही पाहिलंत का, एवढं सांगा."

"एडिल्झा, पदक शेवटी आपल्याच तालमीत आलं. जोसी एकतीसची, तू अडतीसची. डोक्यात राख घालून घेऊ नकोस. मासा घे, गार होतोय."

जोसी ताटात कसाव्याचं भाजकं पीठ कालवत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मीही तिथेच होते. मी पाहिलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण बाईंना ठाऊक आहे.

त्यानंतर बाई तालमीत येत होत्या, पण त्यांची मान आमच्या हातात येईना. कुणाचा हात कॉलरला लागला की पकड बसायच्या आधीच थाप. नवीन मुली चक्रावायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या डोक्याला कळतंय गं, तू सोडशील. मानेला पटत नाहीये." दोन महिन्यांनी त्यांनी येणं बंद केलं.

वर्षभराने जोसी शाळेच्या फाटकाशी आली. मी बाईंचे एप्रन घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या समोरच झालं.

"कोमाद्रे, मी थाप दिली होती," जोसी म्हणाली.

"मला माहीत आहे. माझ्याच गुडघ्यावर दिलीस."

"वस्ताद आदल्या दिवशी म्हणाले होते..." जोसी रडायला लागली. "म्हणाले, तिने गळा धरला तर घाबरू नकोस. एडिल्झा पंचाची वाट बघत नाही, हात लागला की सोडते. लक्षात ठेव."

बाई भिंतीला टेकल्या. त्यांनी आपले हात पाहिले. त्याच माणसाने त्यांना चौदा वर्षं शिकवलं होतं, की लागलीच सोड.

"हे तालमीत सांग," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

"माझं सांगते. वस्तादांचं नाव नाही घेणार. त्यांनी मला शिकवायला वर्ग दिलाय, एडि."

"मग नको. अर्धं नको मला."

"पोर तुझी आठवण काढते गं."

"तिला पाठव कधीही. तू येऊ नकोस."

मुलगी येते. जोसी पुन्हा आली नाही.

आता बाई दर शनिवारी शाळेच्या जेवणघरात बाकडी बाजूला सारून शिकवतात. आम्ही एकोणीस जणी आहोत. परवा एका नव्या मुलीने विचारलं, "स्पर्धेतही थाप पडली की लगेच सोडायचं का?"

बाईंनी तिची कॉलर सरळ केली. मग म्हणाल्या, "स्पर्धेत दाब काढायचा, पण पकड ठेवायची. पंचाने हात लावला की मग सोडायचं." हे म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध गिळल्यासारखा झाला. "इथे मात्र लगेच. इथे कुणी खोटं बोललं तरी लगेच."

काळ्या पट्ट्यावरची पुढच्या दर्जाची पट्टी मिळायची वर्षं त्यांची केव्हाच भरली आहेत. अर्जावर वस्तादांची सही लागते. तो अर्ज मीच भरून दिला होता, जेवणघरातल्या फडताळात तो तसाच पडून आहे. त्यांनी तो सहीसाठी वस्तादांकडे नेला नाही.